निर्भय सुधारक

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडपासून जवळच, कृष्णा नदीच्या काठी टेंभू नावाचे एक लहानसे खेडे आहे. या खेड्यात १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. घराणे कुलीन, परंतु घरात दारिद्र्य नांदत होते. आईवडिलांपाशी मुलाला देण्यासारखे मायेखेरीज दुसरे काही नव्हते. गोपाळच्या शिक्षणाचा आरंभ कऱ्हाडास आजोळी झाला. मुलगा बुद्धीने तल्लख होता, वाचनाची त्याला विलक्षण आवड होती. पण इंग्रजी शिक्षणाच्या दोनतीन पायऱ्या चढतो न चढतो तोच त्याच्यापुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला.

शाळा सोडून त्याने कऱ्हाडच्या मामलेदार कचेरीत उमेदवारी पत्करली. कागदांच्या नकला करीत बसलेल्या या मुलाचे मन मात्र पुस्तकांतच गुंतलेले असे. पुढे शिकावयाचेच, असा निश्चय करून तो एके दिवशी रत्नागिरीस निघाला. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून सह्याद्रीचा घाट ओलांडून सारी वाट त्याने पायीच तुडविली. रत्नागिरीस तरी सोय लागावी, पण तेथेही नशीब आडवे आले. आधार न मिळाल्यामुळे आल्या वाटेने त्याला परतावे लागले. कऱ्हाडास येऊन काही दिवस त्याने दवाखान्यात औषधे देण्याचे काम केले. दुसरा एखादा मुलगा असता, तर एवढ्यावर समाधान मानून त्याने जन्म काढला असता. गोपाळने तसे केले नाही. वऱ्हाडात अकोल्यास त्याचे नातलग होते. त्यांच्या आश्रयास राहून त्याने तेथील हायस्कुलात नाव घातले. विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारख्या विद्वान मुख्याध्यापकांचे त्याला मार्गदर्शन लाभले, आणि १८७५ साली तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला.

आता पुण्याचे डेक्कन कॉलेज त्याला खुणावीत होते. मुळा-मुठेच्या काठी उभ्या असलेल्या त्या कॉलेजात आगरकर दाखल झाले, तेव्हा त्यांच्या अंगावर धड वस्त्रही नव्हते. एकच सदरा, तो रात्री धुवून वाळत घालावयाचा आणि सकाळी तोच अंगात घालून वर्गात जावयाचे, असा त्यांचा क्रम असे. शिष्यवृत्ती, निबंधांची व वक्तृत्वाची बक्षिसे, वर्तमानपत्रांत लिहिलेले लेख, यांतून जे चार पैसे मिळत त्यांवर त्यांचा निर्वाह चाले. परंतु दारिद्र्याची लाज त्यांना कधी वाटली नाही, आणि दारिद्र्याचे भांडवलही त्यांनी कधी केले नाही. इतिहास आणि तत्त्वज्ञान हे त्यांचे आवडते विषय. मिल्ल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्ववेत्त्यांचे ग्रंथ त्यांनी मन लावून वाचले. कोणतीही गोष्ट थोरामोठ्यांनी सांगितली म्हणून, अथवा पूर्वापार चालत आली म्हणून खरी ठरत नाही; ती बुद्धीच्या कसोटीला उतरली पाहिजे, हा विचार याच काळात त्यांच्या मनात दृढ झाला.

डेक्कन कॉलेजातच त्यांना एक तोलामोलाचा मित्र भेटला. त्या मित्राचे नाव बाळ गंगाधर टिळक. दोघेही एकाच वर्षी जन्मलेले, दोघेही बुद्धिमान, दोघेही हट्टी. देशाची दुर्दशा पाहून दोघांचीही अंतःकरणे तळमळत. रात्री उशिरापर्यंत त्यांचे वाद चालत. आपल्या लोकांना शहाणे करावयाचे असेल तर प्रथम त्यांना शिक्षण दिले पाहिजे, आणि ते शिक्षण देण्यासाठी आपण आपले आयुष्य वाहिले पाहिजे, या निर्णयाला दोघेही येऊन पोहोचले. सरकारी नोकरी करावयाची नाही, अशी त्यांनी शपथ वाहिली.

या शपथेचा अर्थ काय होता, हे आज चटकन ध्यानात येणार नाही. त्या काळी एम.ए. झालेले तरुण बोटांवर मोजण्याइतके असत. अशा तरुणाला सरकारदरबारी मानाची जागा, भरपूर पगार आणि समाजात प्रतिष्ठा ही सहज मिळत. आगरकरांच्या आईने आयुष्यभर कष्ट उपसले होते. आपला मुलगा मोठी परीक्षा देऊन आता मोठ्या हुद्द्यावर चढेल आणि घराचे दैन्य फिटेल, अशी आशा त्या माउलीने धरली असल्यास नवल नव्हते. आगरकरांनी तिला पत्र लिहून आपला बेत कळविला. मुलाला मोठ्या पगाराची जागा मिळेल असे मनोराज्य तू करू नकोस. मी पोटापुरते मिळवून त्यात समाधान मानीन आणि उरलेला सर्व वेळ लोकांच्या हितासाठी वेचीन, असा त्या पत्राचा आशय होता. ज्या मुलाने घरच्या गरिबीचे चटके सोसले होते, त्यानेच ती गरिबी पुन्हा आपल्या हाताने पत्करली.

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सरकारी नोकरी सोडून टिळकांच्या साहाय्याने १८८० च्या जानेवारीत पुण्यास ‘न्यू इंग्लिश स्कूल’ ही शाळा काढली होती. एम.ए. होताच आगरकर या शाळेत शिक्षक म्हणून दाखल झाले. पाठोपाठ १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ हे मराठी आणि ‘मराठा’ हे इंग्रजी अशी दोन साप्ताहिके या मंडळींनी सुरू केली. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर झाले. छापखाना नव्या जागी हलविताना हमालीला पैसे नसल्यामुळे चिपळूणकर, टिळक आणि आगरकर या तिघांनी खिळ्यांच्या पेट्या स्वतःच्या खांद्यांवरून वाहून नेल्या, अशी आठवण सांगतात. दिवसा शाळेत शिकवावे, रात्री लेख लिहावेत, आणि वेळ पडली तर ओझीही वाहावीत, असा हा ध्येयवेड्या तरुणांचा मेळा होता.

लवकरच या ध्येयाची कसोटी पाहणारा प्रसंग आला. कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी चौथे शिवाजीमहाराज होते. महाराजांचे चित्त ठिकाणावर नाही असे सांगून त्यांना बंदोबस्तात ठेवण्यात आले होते. या तरुण राजाचा छळ होत आहे, अशा वार्ता पुण्यास येऊ लागल्या. संस्थानाचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या कारभाराविषयी लोकांत असंतोष माजला. ‘केसरी’ने आणि ‘मराठ्या’ने दिवाणांवर कडक टीका केली. काही पत्रे हाती आली, त्यांवर विश्वास ठेवून ती प्रसिद्धही केली. दिवाणांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि चौकशीत ती पत्रे बनावट असल्याचे सिद्ध झाले. संपादकांनी मोकळेपणाने दिलगिरी प्रकट केली. परंतु तेवढ्याने भागले नाही. १७ जुलै १८८२ रोजी टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली.

मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दोघांना ठेवण्यात आले. खोली लहान, अन्न निकृष्ट. त्यामुळे दोघांचीही प्रकृती खालावली. पण तुरुंगाच्या भिंतींना त्यांचा उत्साह कोंडता आला नाही. देशापुढील प्रश्नांवर त्यांचे वाद तेथेही रंगत, आणि ते इतके मोठ्याने चालत की पहारेकऱ्यांना येऊन त्यांना गप्प करावे लागे. राजकीय स्वातंत्र्य आधी की समाजसुधारणा आधी, हा प्रश्न या दोन मित्रांना पुढे जन्मभर पुरला.

याच तुरुंगात आगरकरांनी एक वाङ्मयीन कार्यही पार पाडले. शेक्सपिअर या जगप्रसिद्ध इंग्रज नाटककाराच्या ‘हॅम्लेट’ या नाटकाचे त्यांनी ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत रूपांतर केले. ज्याच्या बापाचा घात करून चुलत्याने राज्य बळकाविले आहे, अशा एका राजपुत्राची ही कथा. सिंहासनावर अन्याय बसला असता विचारी माणसाने काय करावे, हा प्रश्न त्या राजपुत्राच्या मनाला जाळीत असतो. एका अभागी राजाची बाजू घेतल्यामुळे बंदिवासात पडलेल्या आगरकरांनी त्याच बंदिवासात या राजपुत्राला मराठी बोलावयास लावले, हा मोठा विलक्षण योग होय. पुढे गणपतराव जोशी या थोर नटाने हे नाटक रंगभूमीवर गाजविले आणि असंख्य मराठी प्रेक्षकांना वेड लावले.

२६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघांची सुटका झाली. शिक्षेपैकी काही दिवसांची सूट मिळाल्यामुळे एकंदर एकशे एक दिवस त्यांना तुरुंगात काढावे लागले होते. या दिवसांची हकीकत आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. तुरुंगाच्या दारात त्यांचे स्वागत करण्यासाठी लोकांची गर्दी लोटली. त्यांच्यावर फुले उधळण्यात आली. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक मंडळींनीही त्यांचा गौरव केला. सत्तेपुढे मान न तुकविणारे दोन वीर म्हणून साऱ्या महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले.

आगरकर येथेच थांबते, तर त्यांची लोकप्रियता दिवसेंदिवस वाढत गेली असती. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज निघाले, आणि आगरकर तेथे प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांचे त्यांच्यावर प्रेम होते, ‘केसरी’मुळे त्यांचे नाव घरोघर पोहोचले होते. परंतु त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. परक्या राज्यकर्त्यांचा अन्याय त्यांना दिसत होता. त्याचबरोबर आपल्याच घरांत, आपल्याच माणसांकडून होणारा अन्यायही त्यांना दिसत होता, आणि या दुसऱ्या अन्यायाकडे डोळेझाक करणे त्यांना शक्य नव्हते.

त्या काळचे समाजजीवन कसे होते, हे पाहिले म्हणजे त्यांच्या तळमळीचे कारण कळून येईल. आज ज्या वयात मुली शाळेत जातात, खेळतात, वक्तृत्वाच्या स्पर्धांत भाग घेतात, त्या वयात तेव्हाच्या उच्चवर्णीय घरांतील मुली सासरी नांदत असत. आठव्या-नवव्या वर्षी लग्न होई. दुर्दैवाने पती वारला, तर त्या अजाण मुलीचा जन्मच करपून जाई. पतीचे तोंडही जिला नीट आठवत नाही, अशा बालिकेला विधवा म्हणून आयुष्य कंठावे लागे. तिच्या डोक्यावरील केस काढून टाकीत, चांगले वस्त्र तिला वर्ज्य असे, मंगल कार्यात तिचे दर्शनही अशुभ मानीत. पुरुषाची पत्नी वारली, तर तो वर्षाच्या आत दुसरे लग्न करी. स्त्रीला मात्र ती मुभा नव्हती. मुलींना शिकविणे म्हणजे अधर्म, अशी समजूत रूढ होती. अस्पृश्य मानलेल्या बांधवांची सावलीही विटाळ समजली जाई. आणि हे सारे असेच का, असे कोणी विचारले, तर शास्त्राची आज्ञा आहे, वाडवडिलांची चाल आहे, एवढेच उत्तर मिळे.

आगरकरांना हे उत्तर पटणारे नव्हते. रूढी मुळात माणसांनीच घालून दिलेल्या असतात. एके काळी त्या उपयुक्त असतीलही. परंतु काळ बदलला, त्यांचा उपयोग सरला, आणि त्यांच्यामुळे निरपराध माणसांना दुःख भोगावे लागू लागले, तर त्या टाकून देणे हाच खरा धर्म, असे त्यांचे म्हणणे होते. जुने ते सारे वाईट आणि नवे ते सारे चांगले, असे त्यांनी कधी मानले नाही. इंग्रजांचे आंधळे अनुकरण करणाऱ्यांचीही त्यांनी खरमरीत हजेरी घेतली आहे. जुने असो की नवे, आपले असो की परक्यांचे, ते विवेकाच्या तराजूत घालून पाहावे आणि मग घ्यावे किंवा टाकावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. जे लोक घरात अन्यायाच्या रूढीपुढे मान तुकवितात, ते बाहेर अन्यायाच्या सत्तेपुढेही मान तुकविणारच, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. म्हणून रूढीची गुलामगिरी आणि राज्यकर्त्यांची गुलामगिरी या दोन्ही त्यांना एकाच रोगाची लक्षणे वाटत.

या मतांमुळे ‘केसरी’च्या चालकांत आणि त्यांच्यात अंतर पडू लागले. टिळकांचे म्हणणे वेगळे होते. समाजातील दोष त्यांना दिसत नव्हते असे नाही. परंतु आधी स्वराज्य मिळवावे, सुधारणा लोकशिक्षणाने हळूहळू घडवावी, परक्या सरकारने कायदे करून आपल्या धर्मात हात घालू नये, असे त्यांचे मत होते. आगरकरांना वाटे, दुःखात होरपळणाऱ्या मुलींनी स्वराज्य येईपर्यंत वाट का म्हणून पाहावी? दोघांचीही देशभक्ती निर्मळ होती, दोघांचाही त्याग थोर होता. पण दोघांच्या वाटा जुळेनात. अखेरीस १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकरांनी ‘केसरी’चे संपादकपद सोडले. ज्या पत्रासाठी त्यांनी तुरुंगवास भोगला, जे पत्र त्यांच्या लेखणीने वाढविले, त्याचा त्याग करताना त्यांना किती यातना झाल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी. मते लपवून संपादकपद टिकविणे त्यांना अवघड नव्हते. पण तो मार्ग त्यांचा नव्हता.

१५ ऑक्टोबर १८८८ रोजी त्यांनी ‘सुधारक’ नावाचे स्वतःचे साप्ताहिक सुरू केले. त्यातील मराठी बाजू आगरकर सांभाळीत, आणि इंग्रजी लेखन काही काळ त्यांचे तरुण सहकारी गोपाळ कृष्ण गोखले करीत. जे समाजाच्या हिताचे आहे ते निर्भयपणे बोलावयाचे, आणि जे शक्य आहे ते करावयाचे, असे या पत्राचे ब्रीद होते. आगरकरांनी ‘सुधारका’तून बालविवाहाचा निषेध केला, विधवांच्या केशवपनावर आणि समाजाच्या निर्दयतेवर कोरडे ओढले, जातिभेदाचे निराधार स्तोम उघडे पाडले. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र बसवून द्यावे, असे त्यांनी त्या काळात लिहिले. स्त्रियांच्या पोशाखापासून शोक पाळण्याच्या रीतींपर्यंत समाजजीवनातील एकही विषय त्यांनी वर्ज्य मानला नाही. त्यांची भाषा सडेतोड होती. प्रतिपक्षाचा एकेक मुद्दा घ्यावा, त्याची नीट मांडणी करावी, आणि मग तर्काच्या घणाने तो फोडून टाकावा, अशी त्यांची लेखनपद्धती होती. मराठी निबंधाला तिने नवे तेज दिले.

राजसत्तेविरुद्ध जो उभा राहतो, त्याच्या पाठीशी समाज असतो. त्याला हार घालावयास हजारो हात पुढे येतात. परंतु रूढीविरुद्ध जो उभा राहतो, त्याच्या समोर समाजच शत्रू म्हणून उभा असतो. आगरकरांना हा अनुभव लवकरच आला. ज्या लोकांनी तुरुंगाच्या दारात त्यांच्यावर फुले उधळली होती, त्यांतीलच अनेक आता त्यांना धर्मबुडवे म्हणू लागले. त्यांच्यावर निंदेचा वर्षाव होऊ लागला. संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी हा वाद शिगेला पोहोचला. बालवयात लग्न झालेल्या मुलींच्या रक्षणासाठी कायद्याने ठरविलेली वयाची मर्यादा दहा वर्षांवरून बारा वर्षांवर न्यावी, असा तो प्रस्ताव होता. बेहरामजी मलबारी यांनी त्यासाठी चळवळ केली होती. आगरकरांनी या कायद्याचा हिरीरीने पुरस्कार केला, आणि १८९१ च्या मार्चमध्ये तो मंजूर झाला. टिळकांनी त्याला विरोध केला होता. लोकमतही बहुतांशी टिळकांच्या बाजूचे होते.

सनातनी लोकांचा राग आगरकरांवर इतका वाढला की त्यांनी एक अघोरी प्रकार केला. त्यांनी आगरकरांची प्रतिमा तिरडीवर बांधली आणि तिची प्रेतयात्रा काढून ती त्यांच्या घरावरून नेली. आगरकर त्या वेळी घरातच होते. आपली स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी डोळ्यांनी पाहण्याचा प्रसंग या महाराष्ट्रात त्यांच्यावर आला. पण त्यांनी त्या लोकांवर सूड उगविला नाही, आणि लेखणीही खाली ठेवली नाही. ‘सुधारका’चा पुढचा अंक नेहमीप्रमाणे निघाला, आणि त्यातील विचारांची धार तसूभरही कमी झाली नव्हती.

बाहेर वज्राप्रमाणे कठोर असणारे आगरकर घरात अत्यंत मृदू होते. त्यांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या होत्या. व्रतेवैकल्ये, देवपूजा यांवर त्यांची श्रद्धा होती. आगरकरांचा स्वतःचा त्यांवर विश्वास नव्हता. परंतु आपली मते पत्नीवर लादावीत, असे त्यांच्या मनात कधी आले नाही. बुद्धीला पटल्यावाचून कोणी काही स्वीकारू नये, असे जो सांगतो, त्याने आपले मत दुसऱ्यावर बळाने लादणे हे त्याच्या तत्त्वालाच सोडून होय, हे ते जाणून होते. अशा रीतीने त्यांनी आपल्या तत्त्वाची परीक्षा प्रथम स्वतःच्या घरात दिली. निंदा, दारिद्र्य आणि पतीचे आजारपण या साऱ्यांत यशोदाबाईंनीही त्यांना अखेरपर्यंत साथ दिली.

१८९२ साली फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचे निधन झाले, आणि त्यांच्या जागी आगरकरांची नेमणूक झाली. दम्याच्या विकाराने त्यांना लहानपणापासून ग्रासले होते. आता तर तो फारच बळावला. रात्री झोप नाही, दिवसा विश्रांती नाही, अशा स्थितीत ते वर्गात शिकवीत, कॉलेजचा कारभार पाहत आणि ‘सुधारका’चे लेख लिहीत. त्यांच्या कारकिर्दीतच, १८९३ साली, फर्ग्युसन कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी विवाह केला. आगरकर जे लिहीत होते, ते आता माणसे आचरणात आणू लागली होती.

मात्र हे बीज वाढलेले पाहण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. १७ जून १८९५ रोजी पुणे येथे आगरकरांचे निधन झाले. वयाची एकोणचाळीस वर्षेही त्यांनी पुरी केली नव्हती. त्यांच्या पश्चात उशाशी एक लहानशी पुरचुंडी सापडली. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये, म्हणून त्यासाठी लागणारे पैसे त्यांनी तीत बांधून ठेवले होते. आईला लिहिलेल्या पत्रातील शब्द त्यांनी असे अक्षरशः खरे केले.

‘केसरी’त आगरकरांवरील मृत्युलेख टिळकांनी लिहिला. वर्षानुवर्षे ज्यांच्याशी त्यांनी कडाक्याचे वाद घातले, त्या मित्रावर लिहिताना टिळकांचे डोळे वारंवार भरून येत होते, असे सांगतात. मते भिन्न असली तरी अंतःकरणातील जुना स्नेह आटला नव्हता.

आगरकर गेले, परंतु त्यांनी उभा केलेला प्रश्न मागे राहिला. कर्व्यांनी १८९६ साली विधवा स्त्रियांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापन केले. १९२९ साली बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि मुलींच्या लग्नाच्या वयाची मर्यादा चौदा वर्षे ठरली; स्वतंत्र भारतात ती पुढे अठरा वर्षांपर्यंत गेली. मुलामुलींनी एका वर्गात बसून एकच पाठ शिकावा, या सूचनेला ज्या समाजाने वेडगळ ठरविले होते, त्याच समाजातील मुलेमुली आज शेजारी शेजारी बसून शिकत आहेत.  जन्मभर बुद्धीची उपासना करणाऱ्या या पुरुषाचे ते उचित स्मारक होय.

आगरकरांनी हाती तलवार घेतली नाही, सैन्य उभारले नाही, की कोणाचे राज्य उलथून पाडले नाही. त्यांनी फक्त प्रश्न विचारले, आणि त्यांची उत्तरे मिळेपर्यंत ते मागे हटले नाहीत. परक्यांच्या सत्तेला विरोध करताना त्यांना तुरुंग मिळाला. स्वकीयांच्या रूढीला विरोध करताना त्यांना जिवंतपणीच तिरडी पाहावी लागली. या दोन्ही प्रसंगी त्यांचा विवेक सुटला नाही आणि त्यांची दृष्टी दुःखितांवरून ढळली नाही. ज्या बालिकांचे अश्रू पुसण्यासाठी त्यांनी ही सारी निंदा सोसली, त्यांपैकी कितीकींना त्यांचे नावही ठाऊक नसेल. त्यांच्या नाती-पणती मात्र आज पाटीदप्तर घेऊन निर्भयपणे शाळेची वाट चालत आहेत.